कारभारणीचा भत्ता

कांद्याच्या रानात लव्हाळा माजला की माणसाचं कंबरडं मोडतं. वरून उपटावा तर गाठ खाली राहते, आणि गाठ खाली राहिली की आठवड्यात कोंभ पुन्हा वर येऊन वाकुल्या दाखवतो. खुरपं खोल घालून, माती उकरून, एकेक गाठ वेचून काढावी लागते. ढांग्या सकाळपासून तेच करत होता.

गावानं त्याला ढांग्या म्हणावं असेच त्याचे पाय होते. उभा राहिला की बाभळीच्या फांदीला डोकं लागायचं, उकिडवा बसला की गुडघे कानाशी यायचे. अशा माणसाला खुरपायला बसवायचं म्हणजे उंटाला उंदराच्या बिळात राहायला सांगायचं. पण करतो काय? पहाटे उठून दोन्ही गायींची धार काढली, दूध डेअरीवर घातलं, पोरीची वेणी घातली. वेणी अशी झाली की आरशात बघून पोरगी रडकुंडीला आली. "बाबा, ही वेणी आहे की दावं?" म्हणाली. तिला कशीबशी शाळेत धाडली आणि हा रानात आला. बायको पहिल्या गाडीनं शहरात गेली होती. कालवा मंडळाची बैठक होती.

घरची कारभारीण काय, ज्याची त्याची बायको असते. ढांग्याची बायको मात्र अख्ख्या गावानं मतं देऊन निवडलेली कारभारीण. दोन वर्षं झाली होती. नवऱ्यानं कौतुकानं बायकोला ज्या नावानं हाक मारावी, त्या नावानं आता शिंप्यापासून कारकुनापर्यंत सगळे तिला हाक मारायचे, आणि ढांग्याला हाक मारायला शब्दच उरला नव्हता. तो आपला "अगं" म्हणायचा.

जो गावाचा कारभारी तोच कालवा मंडळाचा सभासद, असा सरकारी नियम होता. महिन्यातून दोनदा बैठक. बैठकीला गेलं की मंडळ भत्ता द्यायचं. गाव कालव्याच्या अगदी शेपटाला. वरची गावं पोटभर प्यायची, मधली गावं चूळ भरायची, आणि शेपटाला काय यायचं तर ओलावा. त्यामुळं मंडळात आपलं माणूस बसलेलं असणं गावाला गरजेचं होतं. ते माणूस तिथं बसलं की त्याच्या रानात कोण बसतं, हा प्रश्न मात्र गावाला कधी पडला नव्हता.

शेजारच्या वाफ्यात मावशी खुरपत होती. ती कुणाची सख्खी मावशी नव्हती, पण गावातली निम्मी रानं तिच्या खुरप्याखालून गेली होती, म्हणून सगळ्यांचीच मावशी. कारभारीण बैठकीला गेली की तिच्या जागी मावशी यायची, आणि मावशीची मजुरी त्या भत्त्यातून जायची.

ऊन डोक्यावर आलं तशी बांधावर मोटरसायकल येऊन थांबली. पंपवाला होता. गावात त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान, आणि गावच्या पाच सभासदांतला तो एक.

"काय ढांग्या, खुरपणी चाललीय का?"

"नाही. झोपलोय. दिसत नाही का?"

"चिडतोस कशाला? मी आपलं विचारलं. कारभारीण गेल्या वाटतं मंडळात."

"गेली."

"बरं आहे." पंपवाल्यानं मोटरसायकल बंद केली, म्हणजे त्याला लवकर जायचं नव्हतं. "पंख्याखाली बसायचं, चहा प्यायचा, येताना पाकीट आणायचं. आम्ही आपले हाताला ग्रीस फासून मरतोय."

ढांग्यानं लव्हाळ्याची एक गाठ उपसून बांधाकडे भिरकावली.

"नाही, मी काय म्हणतो," पंपवाला म्हणाला, "ती मंडळात बसते ती कुणामुळं? गावानं निवडून दिली म्हणून. उद्या गावानं मला निवडलं तर मी बसेन. म्हणजे खुर्ची कुणाची? गावाची. मग खुर्चीचा पैसा कुणाचा?"

"तूच सांग. तू विचार करून आलेला दिसतोस."

"गावाचा! रविवारी सभेत ठरावच मांडतोय मी. निवडून दिलेल्या माणसानं बाहेरच्या मंडळाचा पैसा घरी न्यायचा नाही. गावाच्या पेटीत टाकायचा."

ढांग्या उठून उभा राहिला. उठताना पाठीचे मणके एकेक करून वाजले.

"आणि ती दिवसभर तिथं बसते तेव्हा हा लव्हाळा कोण काढतं? गावाची पेटी काढते?"

"ते तुमचं घरचं झालं. कारभारणीचं मानधन गाव देतंच की."

"त्या मानधनात गायीला आठवड्याची पेंड येत नाही."

"मग उभं राहायचं नव्हतं निवडणुकीला."

ढांग्यानं पायाखालचं ढेकूळ उचललं आणि फेकलं. ते मोटरसायकलच्या मागच्या चाकाला लागून फुटलं. पंपवाला शिव्या देत, धूळ उडवत निघून गेला.

"नेम चुकला," मावशी मान वर न करता म्हणाली.

"चाकालाच मारायचं होतं."

"हां, मग बरोबर लागलं." ती थोडा वेळ खुरपत राहिली. मग म्हणाली, "पंपवाला लबाड आहे. गेल्या निवडणुकीत सभासद झाला, पण कारभारीपदाला पडला, ते त्याच्या पोटात अजून दुखतंय. पण बोलला ते अगदीच खोटं नाही रे बाबा."

"मावशी, तुझी मजुरी त्याच पैशातून जाते."

"म्हणून काय झालं? माझ्या मजुरीनं खऱ्याचं खोटं होतंय का?"

ढांग्या पुन्हा उकिडवा बसला. वारा सुटला होता, कोरडा, भट्टीसारखा. वाफ्यातली माती वरून भाजून निघाली होती आणि खाली बोटभर खोलीवर जेमतेम ओल होती. पाण्याची पाळी लवकर आली नाही तर कांदा सुपारीएवढाच राहणार होता.

दुपारनंतर तो गायींना पाणी दाखवत असताना गोठ्यात तात्या आले.

तात्या म्हणजे जुने कारभारी. तीन निवडणुका सलग जिंकलेले. चौथ्या वेळी ढांग्याच्या बायकोनं त्यांना पाडलं, तरी सभासद म्हणून ते निवडून आलेच, आणि गावातर्फे बाजार मंडळावर बसायचे ते अजूनही बसतच होते. ज्या माणसाला आपल्या बायकोनं पाडलं तो आपल्या गोठ्यात येऊन पालथ्या बादलीवर बसतो म्हटल्यावर ढांग्या गोंधळला. हातातली चाऱ्याची पेंढी त्यानं उगाच इकडची तिकडे ठेवली.

"कळलं मला," तात्या म्हणाले. "तो पंपवाला काय बरळतोय ते कळलं. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी आहे."

"तुम्ही, तात्या?"

"का? निवडणूक संपली, वैर संपलं. ती मला लेकीसारखी. अरे, बाईमाणूस दिवस मोडून, गाडीत धक्के खाऊन गावासाठी जाते, आणि तिच्या चार पैशांवर यांचा डोळा? तळं राखील तो पाणी चाखील, ही जगाची रीत आहे. रविवारी मी उभा राहतो. कोण ठराव मांडतो तेच बघतो."

ढांग्याच्या छातीतली धग एकदम निवली. सकाळपासून आपल्या बाजूनं कुणी बोललं नव्हतं.

"फक्त एक कर," तात्या म्हणाले. "तिला म्हणावं, तू काही बोलू नकोस. तिचा स्वभाव सरळ आहे, सरळ माणूस बोलायला लागला की आपलंच नुकसान करतो. मी बोलतो. तू हात वर कर. शब्द?"

"शब्द."

जाता जाता तात्यांनी गोठ्याच्या छपराकडे बघितलं. एका कोपऱ्यातला पत्रा गंजून जाळी झाला होता, त्यातून ऊन गायीच्या पाठीवर ठिपक्या-ठिपक्यांनी पडलं होतं. "पत्रा बदलायला झालाय," ते म्हणाले.

"साठवतोय थोडे थोडे. बायकोच्या भत्त्यातून उरतात तेवढे."

"मग? तेच तर वाचवायचंय आपल्याला," तात्या म्हणाले, आणि काठी टेकत गेले.

दिवेलागणीला कारभारीण आली. पायताण दारातच काढून ती भिंतीला टेकून बसली, आणि बराच वेळ बसूनच राहिली. ढांग्यानं घमेल्यात कोमट पाणी आणून मीठ टाकलं, तिचे पाय त्यात ठेवले. पाय सुजून पावासारखे फुगले होते.

"गाडीत उभी होतीस?"

"जाताना अर्धी वाट, येताना सगळी."

"आणि बैठक?"

"पाच तास बसले. माझी पाळी आली तेव्हा मोठे साहेब घड्याळ बघायला लागले होते. म्हटलं, साहेब, शेपटाच्या चारीत गाळ भरलाय, आमचं पाणी कागदावर दोन दिवसांचं आणि रानात दोन तासांचं. म्हणाले, लिहून द्या. म्हटलं, तीनदा दिलंय. म्हणाले, मग चौथ्यांदा द्या."

"मग?"

"दिलं. मग चहा आला."

पोरगी आतून हसली. ढांग्याला हसू आलं नाही. त्यानं सकाळचं सगळं सांगितलं, पंपवाल्याचं, ढेकळाचं. ढेकळाचं ऐकून ती म्हणाली, "लहान आहात का तुम्ही?" पण आवाजात राग नव्हता, राग यायला अंगात जेवढा जीव लागतो तेवढा उरलेला नव्हता. मग त्यानं तात्यांचं सांगितलं. तिनं पाय पाण्यातून काढले.

"तात्या? माझ्या बाजूनं?"

"घरी आले होते. गोठ्यात बसून गेले."

"अहो, मांजर कधी उंदराची वकिली करतं का?"

"सगळ्यांवर संशय घेऊ नये."

"बाजार मंडळ," ती म्हणाली. "मला जो भत्ता मिळतो त्याच्या कितीतरी पट त्यांना तिथं मिळतो. गाडीभाडं वेगळं. आणि जातात ते बाजार मंडळाच्याच गाडीनं. मला पैसे ठेवू दिले तर त्यांना कुणी विचारणार नाही. माझ्या आड लपणार ते. मी म्हणजे बुजगावणं."

ढांग्याच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आलं नव्हतं म्हणून तो जास्तच चिडला.

"असेना का! त्यांचं ते बघतील. आपण आपलं बघू. तुझ्या कष्टाचा पैसा आहे."

"आहे का? गाडीत उभी होते तेव्हा तोच विचार करत होते. तिथं टेबलावर माझ्या नावाची पाटी नसते, गावाच्या नावाची असते. त्या पाटीमागं मी बसले काय, पंपवाला बसला काय, पाकीट तेवढंच. मग ते माझं कसं?"

"आणि तुझं कंबरडं? ते पण गावाचं?"

"ते माझं." ती थकून हसली. "तेच तर. कंबरडं माझं, पाटी गावाची. आता मधे कापायचं कुठून ते तुम्ही सांगा."

"मला नाही कापायचं कुठूनच! घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस आहे तुला. आम्ही इथं लव्हाळा उपटून मरतो, पोरगी दावं घालून शाळेत जाते, आणि तू पाटी बघत बसतेस!"

ती उठली, घमेल्यातलं पाणी अंगणात ओतलं, आणि पोरीची वेणी सोडून पुन्हा घालायला बसली. घालता घालता तिची मान पुढं लवली, आणि पोरीनं हळूच तिच्या हातातून केस सोडवून घेतले. ढांग्यानं ते बघितलं आणि त्याला आपल्याच बोलण्याची लाज वाटली, पण बोललेला शब्द काही ताटातला घास नाही, मागं घ्यायला.

रविवारी सभा शाळेच्या खोलीत भरली. मोठी माणसं लहान बाकांवर बसली होती. ढांग्याचे गुडघे बाकाच्या फळीखाली अडकले होते, हलला की अख्खा बाक हलायचा. खिडकीच्या फुटक्या तावदानातून वारा धूळ आणत होता, आणि कारकून कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर डस्टर ठेवून बसला होता.

पंपवाल्यानं ठराव मांडला. बांधावर जे बोलला तेच, फक्त जरा शुद्ध भाषेत. मागच्या बाकावरून कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं, दुसऱ्या कुणीतरी "बाई उपाशी मरावी का मग?" म्हणून ओरडलं.

मग तात्या उठले. तात्या बोलायला उठले की लोक आपोआप गप्प व्हायचे, इतक्या वर्षांची सवय होती.

"मंडळी, लाज वाटते मला," ते म्हणाले. "आपल्या कारभारणीनं किती खाल्लं हो? एक पाकीट. त्यासाठी अख्खं गाव गोळा करायचं? जो राबतो त्याला दाम मिळालाच पाहिजे. आपले वाडवडील वेडे होते का? तळं राखील तो पाणी चाखील, असं ते म्हणून गेले."

लोकांनी माना डोलावल्या. ढांग्यानंही डोलावली. इतकं चांगलं बोललं गेलं होतं की आता हात वर करायचा आणि घरी जायचं, एवढंच बाकी होतं.

"चाखील म्हणून गेले, तात्या," कारभारीण म्हणाली. ती टेबलामागं बसली होती, आवाज बसलेला होता. "उपसून नेईल, असं नाही म्हणाले."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

"हे बघा," ती लोकांकडे वळली, "पैसा माझ्या खिशात पडतो. मीच इथं बसून ठरवायचं, तो माझा की तुमचा? हे काही बरं दिसत नाही. मी बाहेर जाऊन बसते. तुम्ही ठरवा. जे ठरेल ते मान्य." ती उठली. दारापाशी जाऊन थांबली. "तात्या, तुम्हीपण चला."

"मी? माझा काय संबंध?"

"बाजार मंडळ, तात्या."

पंपवाल्याचं तोंड उघडं राहिलं. त्यानं दगड मारला होता चिमणीला, आणि झाडावरून पडत होतं गिधाड. तात्या काठी धुंडाळत उठले. ढांग्याच्या बाकाजवळून जाताना त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं मान खाली घातली.

दोघं बाहेर गेल्यावर आत बाजार भरला.

"सगळा पैसा गावाचा!"

"मग उद्यापासून तूच जा मंडळात, उभ्यानं!"

"तात्यांचापण घ्या!"

"तात्यांनी गावासाठी किती केलं!"

"केलं ना! बाजारातला गाळा कुणाच्या जावयाला मिळाला?"

"तो विषय नाही आज!"

ढांग्या गप्प बसून खिडकीबाहेर बघत होता. बाहेर पायरीच्या एका टोकाला तात्या बसले होते, पाठ करून, काठीवर दोन्ही हात ठेवून. दुसऱ्या टोकाला त्याची बायको. तिनं डोकं दाराच्या चौकटीला टेकलं होतं. वारा तिच्या तोंडावर धूळ आणत होता, पण तिनं हात वर केला नाही. मग त्याच्या ध्यानात आलं, तिला झोप लागली होती. आत तिच्या पंख्यावरून आणि चहावरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती, आणि ती भर वाऱ्यात, दगडी पायरीवर बसल्या बसल्या झोपली होती.

"ए ढांग्या," मागून मावशीचा आवाज आला. "तू कशाला तोंडात मूग धरून बसलास? पैसा तुझ्या घरात येतो. सांग की काय होतं त्याचं. म्हणजे आम्हाला ठरवायला बरं."

ढांग्या उठायला गेला आणि बाकच घेऊन उठला. शेजारचे दोघं घसरले, लोक हसले. हसण्यामुळं त्याला जरा सोपं गेलं.

"काय होणार?" तो म्हणाला. "गाडीभाड्याला जातात. ती दिवसभर नसते म्हणून मावशीला बोलावतो, तिची मजुरी जाते. तिकडं ती काहीतरी खाते त्याला जातात. दर वेळी खात नाही, डबा नेते."

"आणि उरतात किती?" पंपवाला म्हणाला.

इथं खोटं बोलायला सोपं होतं. काही उरत नाही, एवढं म्हटलं असतं तरी कुणी घरात येऊन बघणार नव्हतं. ढांग्याच्या डोळ्यासमोर नवाकोरा पत्रा चमकला, आणि तात्यांना दिलेला शब्द. पण खिडकीत ती दिसत होती.

"उरतात," तो म्हणाला. "थोडे उरतात. गोठ्याच्या पत्र्यासाठी मी बाजूला टाकतो. ती नाही, मी. आता उरतात ते गावाचे म्हणायचे असतील तर म्हणा. ती म्हणते पाटी गावाची आहे, ते मला पटत नव्हतं, आता पटतंय थोडं थोडं. पण गाडीभाडं आणि रानातल्या माणसाची मजुरी, ते आमचं. म्हणजे आमचं पण नाही. तिला तिथं बसवायचा तो खर्च आहे. तुम्हाला बैल नांगराला पाहिजे, तर वैरण घालायला नको का? बायकोला बैल म्हटलं, तिला सांगू नका."

पुन्हा हसणं झालं, पण आता त्यात बोचरं काही नव्हतं. कारकुनानं शब्द जुळवून वाचून दाखवलं. मंडळावर जाणाऱ्यानं प्रवासाचं खरं भाडं आणि एका माणसाची एका दिवसाची मजुरी ठेवायची, बाकीचा भत्ता गावाच्या पेटीत. जो कुणी ज्या कुठल्या मंडळावर असेल त्याला हेच. पंपवाल्याला आणखी काहीतरी हवं होतं, पण काय हवं ते त्याला सापडेना, म्हणून त्यानंही हात वर केला. बहुतेक सगळ्यांनीच केला.

बाहेर आल्यावर तात्यांनी त्याला गाठलं. "शब्द दिला होतास."

"दिला होता, तात्या," ढांग्या म्हणाला. "खरं बोलायला लागलो आणि तो मधे कुठं सांडला कळलं नाही. माफ करा."

तात्या काठी आपटत गेले. कारभारीण डोळे चोळत उठली होती. तिच्या गालावर चौकटीच्या लाकडाची रेघ उमटली होती.

"काय झालं?"

"भाडं आणि मजुरी आपली. बाकी गावाचं. पत्रा गेला."

तिनं क्षणभर त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही सांगितलंत? पत्र्याचं?"

"सांगितलं."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि त्याच्या दंडाला धरून पायरी उतरली. "पत्रा येणार होता हे गायींना कुठं माहीत आहे?"

पुढं कांदा निघाला. सुपारीएवढा नाही आणि मुठीएवढाही नाही, मधलाच. मंडळानं गाळ काढायला माणसं पाठवली, त्यांनी चारीचा निम्मा गाळ काढला आणि ती निघून गेली. निम्म्या चारीतून निम्मं पाणी आलं. आधी तेही येत नव्हतं.

तात्यांची तब्येत मात्र ठरावानंतर एकाएकी बिघडली. शेतावर, देवळात, जावयाच्या गाळ्यावर ते नेहमीसारखे दिसायचे, पण बाजार मंडळाच्या बैठकीला जाण्याइतकी तब्येत उरली नाही, असा त्यांनी सभेला निरोप पाठवला. गावातर्फे दुसरं माणूस पाठवायला हवं होतं. पुन्हा शाळेची खोली, पुन्हा लहान बाक.

"कोण जाणार?" कारकुनानं विचारलं.

वर्षानुवर्षं ज्या जागेवर गावाच्या नजरा होत्या, त्या जागेचं नाव काढल्यावर जो तो छताकडे बघायला लागला.

"पंपवाले, तुम्ही?"

"मला दुकान आहे."

"शिंपीदादा?"

"डोळ्यांचं ऑपरेशन सांगितलंय."

"भाडं आणि मजुरी," मागून कुणीतरी पुटपुटलं, "एवढ्यासाठी कोण दिवस मोडणार?"

मग सगळ्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. कारभारीण आदल्या दिवशीच कालवा मंडळाची बैठक करून आली होती. तिच्या तोंडाकडे बघत अख्खी खोली थांबली. तिनं तोंड उघडलं, आणि एकदम टाळ्या झाल्या. कारकुनानं लिहूनही टाकलं.

दोघं घरी निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेली रानं उघडी पडली होती.

"नाही म्हणायचं होतंस," शेवटी ढांग्या म्हणाला.

"तेच म्हणणार होते. तोंड उघडलं तर जांभई आली."

ढांग्या थांबला. "जांभई?"

"त्यांना वाटलं, हो म्हणाली."

"अगं मग सांगायचं ना!"

"सांगणार होते. तेवढ्यात टाळ्या वाजल्या." ती चालतच राहिली. "आणि सगळ्यात आधी टाळी कुणी वाजवली माहीत आहे? मावशीनं. तिचे मजुरीचे आणखी दोन दिवस भरले ना."

ढांग्याला हसू फुटलं. हसावं असं त्यात काही नव्हतं, म्हणून ते आवरेना. लांब पाय गुंडाळून तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. तीही शेजारी टेकली. हसता हसता तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं, आणि मग ते तिथंच राहिलं.

गोठ्यातून गायी हंबरत होत्या, धारेची वेळ टळत होती. "अगं," त्यानं हळूच हाक मारली. उत्तर आलं नाही. तो खांदा न हलवता तसाच बसून राहिला.